कालियारीचे समुद्रपाणी

जयपूरच्या जवाहर नगरात राहणाऱ्या माणसाने समुद्राविषयी बोलावे हे श्रोत्यांना काहीसे विपरीत वाटेल. सांभरचे खारे सरोवर सोडले, तर येथून खाऱ्या पाण्याचे दर्शन घ्यावयास शेकडो मैल जावे लागते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या मुलाला विषमज्वर झाला, आणि समुद्र आपण होऊनच घरात आला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाचे नाव होते सेफिक्झीम. त्यातील 'सेफ' ही अक्षरे सेफालोस्पोरियम या बुरशीच्या जुन्या नावातून आलेली आहेत, आणि ती बुरशी प्रथम हाती लागली ती समुद्राच्या पाण्यात.

आमच्या आजीच्या तोंडी या रोगाचे नाव 'मुदतीचा ताप' असे होते. एकवीस दिवसांची मुदत भरेपर्यंत उशाशी बसून राहणे, एवढाच तेव्हा उपाय. भूमध्य समुद्रातील सार्दिनिया बेटावरही या तापाचे ठाणे होते. तेथील कालियारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचे सांडपाणी सु सिक्कू या भागी समुद्रास मिळे. त्या पाण्यात पोरे खुशाल डुंबत, आणि तरी विषमज्वराचा उपद्रव अपेक्षेइतका होत नसे. हे पाणी आपले आपणच शुद्ध कसे होते, असा प्रश्न ब्रोत्झूंना पडला. १९४५ साली, युद्ध नुकतेच संपत असता, त्यांनी गटाराच्या तोंडाजवळील पाण्याचे नमुने घेतले आणि त्यांतून एक बुरशी वेगळी केली. तिच्या अर्काने विषमज्वराच्या जंतूंची वाढ थांबत होती. तो ओबडधोबड अर्क त्यांनी रोग्यांवरही वापरून पाहिला आणि काहींना गुण आला.

पुढच्या कामास लागणारे द्रव्यबळ मात्र त्यांच्याजवळ नव्हते. १९४८ साली त्यांनी आपल्या संस्थेच्या नावाने एक पुस्तिका छापून सगळी हकीकत प्रसिद्ध केली आणि अधिक साधनसंपन्न संस्थांनी हे काम पुढे न्यावे, अशी आशा व्यक्त केली. त्या नियतकालिकाचा दुसरा अंक कधी निघालाच नाही. सरकारी कचेरीत उमेद घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटते. उत्तम टिपण लिहिले जाते, त्यावर क्रमांक पडतो, आणि ते कपाटात जाते. हे टिपण वाचले ब्लाइथ ब्रुक नावाच्या एका इंग्रज आरोग्याधिकाऱ्याने. युद्धकाळात सार्दिनियात असताना ब्रोत्झूंशी त्याचा परिचय झाला होता. त्याने लंडनला कळविले, तेथून गोष्ट ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरींकडे गेली, आणि १९४८ मध्येच ती बुरशी ऑक्सफर्डला पोहोचली. ब्रोत्झू पुढे सार्दिनिया प्रांताचे प्रमुख आणि कालियारीचे महापौरही झाले.

ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी त्या बुरशीच्या रसातून एकाहून अधिक द्रव्ये वेगळी केली. ज्याने विषमज्वराचे जंतू मरत होते, ते पेनिसिलिनचेच एक भावंड निघाले. खरा लाभ झाला तो १९५३ साली, अगदी अल्प प्रमाणात सापडलेल्या सेफालोस्पोरिन सी या द्रव्याने. ते स्वतः दुबळे होते, परंतु पेनिसिलिनला निकामी करणारे जंतूंचे विकर त्याच्यापुढे हतबल ठरे. १९६१ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने त्याची रचना निश्चित केली. मूळ गाभा तोच ठेवून बाजूच्या शाखा बदलल्या की नवे औषध मिळते, हे कळल्यावर १९६४ मध्ये पहिली औषधे बाजारात आली. आमच्या मुलाचे औषध त्याच वंशातले, बऱ्याच पिढ्यांनंतरचे.

ही बुरशी अस्सल समुद्राची, की गटारातून वाहत आलेली जमिनीवरची? तिचे भाऊबंद दोन्हीकडे आढळतात, तेव्हा हा वाद मिटणारा नाही. गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००६ साली मध्य हिंदी महासागराच्या सुमारे पाच हजार मीटर खोल तळाच्या गाळातील बुरशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतही अस्परजिलस आणि पेनिसिलियम ही आपल्या भाकरीवर येणारी कुळे होतीच. पाण्याचा प्रचंड भार सोसून ती तेथे जगत होती. जमीन आणि समुद्र यांच्यामधील सीमा आपण नकाशावर आखतो. बुरशीला तिची दखल नसते.

आपल्याकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिनसाठी. तेथेच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघाले. त्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरीचे नाव गोवलेले आहे. समुद्राकडे मात्र आपले लक्ष उशिरा वळले.

आणि आता विलंब परवडण्याजोगा नाही. आमच्या राजस्थानच्या सीमेपलीकडे, सिंधमधील हैदराबादेत, २०१६ साली विषमज्वराची अशी साथ सुरू झाली की तिच्या जंतूंवर सेफ्ट्रिॲक्झोनही चालेना. कालियारीच्या बुरशीचा वंशज कालियारीच्याच रोगापुढे हरला. आमच्या मुलाचा ताप पाचव्या दिवशी उतरला, पण चौथ्या रात्री ही बातमी मला आठवत होती.

दोना पावलाच्याच संशोधकांचे २०१२ चे एक टिपण येथे सांगण्याजोगे आहे. खारफुटीच्या चिखलात भाताचा एक रानटी भाऊबंद उगवतो. त्या गवताच्या अंगात वाढणाऱ्या पेनिसिलियम क्रायसोजेनम या बुरशीपासून त्यांनी एक द्रव्य वेगळे केले, आणि प्रयोगशाळेत ते पटकीच्या जंतूंना मारक ठरले. त्याचे औषध अद्याप झालेले नाही. कालियारीच्या पाण्यापासून दुकानातल्या औषधापर्यंतचा प्रवास १९४५ पासून १९६४ पर्यंत, एकोणीस वर्षांचा झाला होता. गोव्याचे टिपण प्रसिद्ध होऊन त्याच्या निम्म्याहून अधिक काळ लोटला आहे.