बट्टा

आमच्या घरात चांदीचा एक जुना रुपया आहे. नातेवाइकांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला आहे, काहींनी तर गळ्यात घातलेला आहे. आजीने त्याच्या वरच्या कडेला एक कडी डाखून घेतली होती. घरातले मूल आजारी पडले की काळ्या दोऱ्यात ओवून तो त्याच्या गळ्यात यायचा आणि मूल बरे झाले की परत आजीच्या डब्यात जायचा. आजी त्याला 'बादशाही रुपया' म्हणायची. कुठला बादशहा, ते कुणी विचारले नाही आणि आजीलाही ठाऊक नसावे.

गेल्या महिन्यात पुतण्या आला होता. त्याला अलीकडे नाण्यांच्या प्रदर्शनांचा आणि लिलावांचा नाद लागला आहे. म्हणाला, "काका, नुसता डब्यात पडून आहे. लिलावात देऊन बघू या का?" मी हो-नाही काहीच बोललो नाही. त्याने दोन्ही बाजूंचे फोटो काढून एका जाणकाराला पाठवले. संध्याकाळी उत्तर आले : औरंगजेबाचा रुपया, टांकसाळ सुरत, नेहमी मिळणारा. कडी लावलेली आहे, घासून चकचकीत केलेला आहे. चांदीच्या भावापेक्षा फार मिळणार नाही.

यातला 'घासून' हा शब्द मला लागला. कारण तो घासणारा मीच. १९८४ साली शाळेत इतिहासाचे प्रदर्शन भरवले होते. तिथे ठेवायचा म्हणून आदल्या रात्री मी स्वतः तो चिंच आणि राखेने घासला. काळा पडलेला रुपया आरशासारखा झाला. मुले खूश, हेडमास्तर खूश. तीनशे वर्षांत चांदीवर चढलेला रंग इतिहासाच्या मास्तरांनी एका रात्रीत उतरवला होता!

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. पुतण्याने लिलावांचे दोन-तीन कॅटलॉग आणून दिले. प्रत्येक नाण्याला लॉट नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, टांकसाळ, वर्ष आणि खाली अंदाजे किंमत. किंमत कशावर ठरते, ते वाचता वाचता कळत गेले. हे रुपये यंत्रावर पाडलेले नाहीत, हातोड्याने ठोकलेले आहेत. अकबराच्या टांकसाळीतले काम 'आईन-इ-अकबरी'त दिले आहे. चांदी शुद्ध करायची, तिचे गोल तुकडे कापायचे, वजन बरोबर करायचे. मग तुकडा दोन ठशांच्या मध्ये धरायचा आणि दुसऱ्याने वरून घाव घालायचा. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे सगळी अक्षरे नाण्यावर मावतच नसत. कुठे राजाचे नाव अर्धे, कुठे गावाचे नाव बाहेर, कुठे वर्ष गायब. ज्या रुपयावर गाव आणि वर्ष दोन्ही नीट उतरले, तो घाव घालणाऱ्याच्या हाताची आणि नशिबाची कमाई. संग्राहक त्याचेच जास्त पैसे मोजतात.

दुसरी गोष्ट दुर्मिळपणाची. सुरत हे मोठे बंदर. युरोपियन कंपन्यांची जहाजे तिथे चांदी आणत. त्यातली पुष्कळशी मूळ अमेरिकेतल्या खाणींची, स्पेनच्या नाण्यांच्या रूपाने आलेली. ती टांकसाळीत वितळवून तिचे रुपये होत. व्यापाऱ्यांनाही आपली चांदी देऊन, मजुरी भरून रुपये पाडून घेता येत. म्हणून सुरतेचे रुपये उदंड. औरंगजेबाच्याच एखाद्या लहान टांकसाळीचा रुपया असेल तर त्याला कितीतरी जास्त बोली लागते. चांदी तीच, वजनही तेच साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. शेवटी त्या दिवशी तेच नाणे हवे असलेली दोन माणसे समोरासमोर आली की नाही, यावर आकडा ठरतो. ठोकून जन्मलेले नाणे हातोडा पडूनच विकले जाते, याची मला गंमत वाटली.

पण सगळ्यांत विचार करायला लावला तो बट्ट्याने. 'नावाला बट्टा लागला' असे आपण सहज म्हणतो. बट्टा म्हणजे नाण्याच्या किमतीत सराफाने केलेली कपात. मोगलाईत रुपयाची किंमत त्याच्या वयावर असे. नुकता टांकसाळीतून आलेला तो 'सिक्का', त्याला पूर्ण मोल. त्याच बादशहाचा पण मागल्या वर्षांतला तो 'चलनी', त्याला थोडे कमी. आधीच्या बादशहाचा तो 'खजाना', त्याला आणखी कमी. हाताळून चांदी झिजते, हा त्यामागचा हिशेब. आत तांबे तर नाही ना, हे बघायला सराफ कडेला बारीक छिन्नी मारी किंवा आपली खूण उठवी. अशी खूण म्हणजे नाणे खरे असल्याची साक्षच.

आज सगळे उलटे आहे. जुने झाले म्हणून मोल आणि सराफाची खूण असेल तर कपात. कडीला कपात, घासल्याला कपात. ज्या नाण्याच्या आयुष्यात काहीच घडले नाही, जे कुणाच्या कमरेला लागले नाही की बाजारात वाजले नाही, ते सर्वांत महाग. संग्राहकांना मी नावे ठेवत नाही. स्वच्छ ठसा असला तरच अक्षरे वाचता येतात आणि त्यांच्या नोंदींमुळेच मला माझा रुपया वाचता आला.

हो, वाचला. फारसी आकडे शिकायला दोन दुपारी लागल्या. भिंगाखाली एका बाजूला दोन उभ्या रेघा आणि दोन ठिपके दिसले : हिजरी सन ११००. दुसऱ्या बाजूला बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष ३२. हिजरी ११०० सुरू झाले ऑक्टोबर १६८८ मध्ये आणि औरंगजेबाचे बत्तिसावे वर्ष संपले जून १६८९ मध्ये. म्हणजे हा रुपया त्या आठ-नऊ महिन्यांतला.

आपल्यापैकी कुणाला ते महिने सांगायला नकोत. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांना मारण्यात आले. हा रुपया त्याच्या आधी ठोकला की नंतर, हे सांगता येणार नाही. पण तीस वर्षे मी फळ्यावर '१६८९' लिहीत होतो, मुलांचे डोळे पाणावत होते, आणि १६८९ घरी डब्यात पडून होते. एकदाही भिंग घेऊन पाहिले नाही. उलट चिंच लावली! बट्टा रुपयाला नाही, माझ्या मास्तरकीला लागला, असे त्या रात्री वाटले.

नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला. एकटे नाणे हाती आले असते तर 'ठसा बिघडलेला' म्हणून कुणी बाजूला ठेवले असते. सगळी एकत्र सापडली, मोजली गेली, म्हणून कोणी कोणाचा पराभव केला याचा पुरावा झाली. नाण्यापेक्षा ते कुठून आले, कुणाकडे होते, ही माहिती मोठी. ती एकदा तुटली की कुठल्याही बोलीने परत मिळत नाही.

आमच्या रुपयाची कडी ही तशीच माहिती आहे. मी पुतण्याला सांगितले की विकायचा नाही. तो म्हणाला, "मग कडी तरी काढून घेऊ, बरा दिसेल." त्यालाही नाही म्हटले. त्याऐवजी एक चिठ्ठी लिहून रुपयासोबत ठेवली आहे : वर्ष, टांकसाळ, वजन, आजीचे नाव आणि १९८४ साली तो कुणी घासला तेही. खाली जागा मोकळी सोडली आहे. लहानपणी हा रुपया ज्यांच्या गळ्यात पडला होता, त्यांनी फोन करून मला जरूर सांगावे. कुठला आजार होता, कुठले साल होते, आठवेल तेवढे. आत्याला आठवते की गोवराच्या वेळी तो तिच्या गळ्यात होता.

आणि तुमच्याही घरात असा एखादा काळा पडलेला रुपया असेल तर कृपा करून त्याला चिंच लावू नका.