दुर्मिळ बंदुकीची साक्ष

जुन्या लष्करी बंदुकांचा संग्राहक नेहमीं दुर्मिळ वस्तूच्या शोधांत असतो. परंतु एखादी बंदूक दुर्मिळ कां झाली, याचें उत्तर पुष्कळदां तिच्या पराक्रमांत नसून तिच्या अपयशांत असतें. फर्ग्युसन रायफल हें त्याचें बोलकें उदाहरण होय.

अठराव्या शतकांतील इंग्रज शिपायाची बंदूक ठासणीची असे. दारू व गोळी नळीच्या तोंडांतून घालून गजानें ठासावी लागे, आणि तेंहि बहुधा उभ्यानें. पॅट्रिक फर्ग्युसन या स्कॉटिश सेनाधिकाऱ्यानें ही अडचण दूर केली. त्याच्या रायफलीच्या नळीच्या बुडाशीं एक उभा मळसूत्री खिळा होता. चापाभोंवतालची कडी फिरविली कीं तो खालीं उतरे, आणि वरच्या भोंकांतून गोळी व दारू भरतां येई. त्यामुळें शिपायाला जमिनीवर आडवें पडूनहि बार भरणें साधलें. १७७६ च्या जूनमध्यें वुलिच येथें भर पावसांत व वाऱ्यांत त्यानें मिनिटाला चार ते सहा बार काढून दाखविले.

सरकारनें अशा सुमारें १०० रायफली करविल्या. ११ सप्टेंबर १७७७ रोजीं अमेरिकेंतील ब्रँडीवाइनच्या लढाईंत फर्ग्युसनची तुकडी उतरली. परंतु तेथें त्याचें उजवें कोपर गोळीनें निकामी झालें व तुकडी मोडण्यांत आली. ७ ऑक्टोबर १७८० रोजीं किंग्ज माउंटन येथें तो धारातीर्थीं पडला. इंग्रज पायदळासाठीं बुडाकडून भरावयाची स्नायडर रायफल स्वीकारली गेली ती १८६६ मध्यें.

फर्ग्युसनच्या दुर्दैवानेंच ही रायफल मागें पडली, असें सांगण्याचा प्रघात आहे. पण आज उरलेल्या मोजक्या लष्करी रायफली निराळी साक्ष देतात. न्यू जर्सीतील मॉरिस्टाउनच्या संग्रहांतील रायफलीच्या कुंद्याला, चकमकीच्या यंत्राखालीं, नालाच्या आकाराची लोखंडी पट्टी जडविलेली आहे. यंत्र बसविण्यासाठीं तेथील लांकूड फार कोरावें लागे, आणि कुंदा नेमका तेथेंच तडके. कल्पना उत्तम होती. लांकूड मात्र तिला पुरें पडत नव्हतें.

एखाद्या हौशी संग्राहकानें ती कुरूप पट्टी काढून नवा कुंदा बसविला असता, तर बंदूक अधिक देखणी झाली असती. परंतु तिचा हा इतिहास त्या जुन्या लांकडाबरोबरच फेंकला गेला असता. म्हणूनच जाणता संग्राहक जुन्या शस्त्राचा गंज वाढूं देत नाहीं, पण त्याच्या जखमाहि बुजवीत नाहीं.