समुद्राची श्रीशिल्लक

मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सरकारी कचेरीत ज्यांना काम पडले असेल, त्यांना आजचा विषय समजावयास अवघड जाऊ नये. वर्षभर ज्या रस्त्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्या रस्त्यावर एकाएकी खडी पडू लागते. कपाटे, खुर्च्या, पंखे यांची खरेदी रात्री उशिरापर्यंत चालते. कारण एकच. मंजूर झालेली रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्ची पडली नाही, तर ती परत जाते. उरलेले पैसे पुढच्या वर्षी वापरू द्यावेत, म्हणजे ही घाई थांबेल, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणेल.

समुद्रातल्या माशांच्या बाबतीत हाच प्रश्न गेल्या शतकात जगातल्या अनेक राष्ट्रांपुढे उभा राहिला. तेथे मात्र तो इतका सोपा ठरला नाही. पैसा तिजोरीत ठेवला तर तेथेच राहतो. मासा कोणाच्याही तिजोरीत नसतो. तो आहे किंवा नाही, हेच प्रथम ठरवावे लागते.

कोटा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. एखाद्या समुद्रातल्या एका जातीच्या माशांपैकी वर्षभरात किती टन पकडावयाचे, हे सरकार किंवा राष्ट्रांचा आयोग ठरवतो आणि तो आकडा राष्ट्रांत अथवा जहाजांत वाटून देतो. समजा, एका जहाजाच्या वाट्याला १०० टन आले आणि हंगाम संपला तेव्हा त्याने ८० टनच पकडले होते. उरलेल्या २० टनांचे काय करावयाचे? ते रद्द करावेत, पुढच्या हंगामाच्या खात्यावर ओढावेत, की त्यांतला काही भागच ओढू द्यावा? आपल्या कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न निघत नाही, कारण महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्याने मासेमारीला शिस्त लावली ती प्रामुख्याने पावसाळी बंदीने, जाळ्यांच्या नियमांनी आणि किनाऱ्यापासूनच्या अंतरांनी. टनांचे वाटप आपल्याकडे नाही. म्हणून या हिशेबाचा इतिहास पाहण्यासाठी आपल्याला थंड समुद्रांकडे जावे लागेल.

पहिला धडा दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातला आहे. देवमासा हा खरे म्हणजे मासा नव्हे. पण त्याच्या शिकारीचा हिशेब याच वहीत लिहिला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथील शिकारीसाठी वर्षाला १६,००० ‘निळ्या देवमाशांची एकके’ अशी मर्यादा ठरली. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन देवमासे किंवा सहा सेई देवमासे, असा हा विनिमयाचा दर होता. मर्यादा सर्वांची मिळून एक होती, राष्ट्रवार वाटणी नव्हती. त्यामुळे जो आधी मारील त्याचा, अशी शर्यतच लागली. १९४६-४७ मध्ये सुमारे चार महिने चाललेला हंगाम १९५५-५६ पर्यंत दोन महिन्यांच्या आत आला.

पुढे १९६२ मध्ये राष्ट्रवार वाटणीचा समझोता झाला. आता प्रत्येकाचे आपापले खाते झाले. शर्यतीचे कारण उरले नाही. पण वाटणी झाली आणि वाटलेले सापडेनासे झाले. १९६२-६३ च्या हंगामात १५,००० एककांची परवानगी होती, मिळाली सुमारे ११,३००. जवळजवळ ३,७०० एकके ‘शिल्लक’ राहिली. ही शिल्लक कोठे होती? आयोगाच्या कागदावर होती, समुद्रात नव्हती.

हे आम्ही आज मागाहून शहाणे होऊन म्हणत नाही. आयोगाने नेमलेल्या तीन शास्त्रज्ञांनी, म्हणजे अमेरिकेचे डग्लस चॅपमन, न्यूझीलंडचे रॅडवे ॲलन आणि जागतिक अन्न व शेती संघटनेचे सिडनी होल्ट यांनी, पुढच्या हंगामात सुमारे ८,५०० एककेच हाती लागतील असे सांगून ठेवले होते. आयोगाने तरीही १०,००० ची मर्यादा ठेवली. प्रत्यक्ष शिकार झाली ८,४२९. शास्त्रज्ञांचा आकडा समुद्राशी जुळला. आदल्या वर्षीची ३,७०० एकके त्या वर्षी पुढे ओढली असती, तर कागदावरची परवानगी १३,७०० झाली असती. त्याने एकही देवमासा वाढला नसता.

दुसरा धडा कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा. तेथला कॉड हा जाड, पांढऱ्या मांसाचा मासा. खारवून, वाळवून तो शतकानुशतके युरोपात जात असे आणि किनाऱ्यावरची गावेच्या गावे त्याच्यावर जगत. १९६८ मध्ये परदेशी कारखानी जहाजांसह येथील उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली. नंतर ती घसरू लागली, तेव्हा वायव्य अटलांटिकच्या मत्स्यव्यवसाय आयोगाने १९७३ साली मर्यादा घातली. ती होती साडेसहा लाख टनांहून अधिक, आणि त्या वर्षी प्रत्यक्षात मिळाले साडेतीन लाखांच्या आसपास. वर्षाच्या अखेरीस निम्मा कोटा पडून राहिला, याचा अर्थ कोळ्यांनी संयम दाखवला असा होत नाही. भिंत इतकी दूर बांधली होती की तिच्यापर्यंत कोणी पोहोचूच शकले नाही. पुढे आकडे उतरवले गेले, १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला. तरीही माशांची मोजणी फाजील आशेची राहिली. अखेर २ जुलै १९९२ रोजी ही मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग उरलेला कोटा सरळ रद्द करावा, वाद मिटला. पण वाद तेवढ्याने मिटत नाही. रद्द होणाऱ्या कोट्यालाही बळी असतात. वर्षाची शेवटची तारीख जवळ आली आणि जहाजाच्या खात्यावर २० टन उरले असले, की नाखवा वादळ पाहत नाही, बाजारातला पडलेला भाव पाहत नाही. जे आज घेतले नाही ते उद्या आपले नाही, एवढेच त्याला दिसते. सगळेच एकदम माल आणतात म्हणून भाव आणखी पडतो. आपल्या मार्चअखेरीच्या रस्त्यासारखेच हे काम. फरक एवढाच की येथे माणूस डिसेंबरच्या समुद्रात उतरलेला असतो.

आइसलँडने या पेचातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. त्या देशाने १९८४ मध्ये कॉडसारख्या तळाजवळच्या माशांसाठी जहाजवार वाटे ठरवले आणि १९९० च्या कायद्याने ती पद्धत कायम केली. मासेमारीचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊ लागले. वाट्यापैकी २० टक्क्यांपर्यंत उरलेला भाग पुढच्या वर्षी नेण्याची मुभा होती, आणि ५ टक्क्यांपर्यंत जास्त पकड झाली तर ती पुढच्या वाट्यातून वळती करून घेत. म्हणजे थोडी शिल्लक ओढता येई आणि थोडी उचलही करता येई. ही टक्केवारी पुढे वेळोवेळी बदलली. तथापि दोन्ही बाजूंना मर्यादा असावी, हे तत्त्व टिकले.

युरोपीय राष्ट्रसंघाने ६ मे १९९६ रोजी असाच एक नियम केला. सभासद राष्ट्राला आपल्या कोट्यापैकी १० टक्क्यांपर्यंत भाग पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल, मात्र त्यासाठी ३१ ऑक्टोबरपूर्वी मागणी केली पाहिजे. या नियमातली एक अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या साठ्यांची शास्त्रीय मोजणी होऊन मर्यादा ठरलेली आहे, त्यांनाच ही सवलत होती. ज्यांची मोजणी नव्हती, केवळ सावधगिरी म्हणून आकडा ठरवला होता, त्यांना ती नव्हती. न्यूफाउंडलंडने जी किंमत मोजली, तिच्यातून निघणारा धडाच जणू या एका वाक्यात उतरला होता. शिल्लक पुढे ओढावयाची तर मूळ रक्कम खरोखर आहे, याची खात्री आधी पाहिजे.

या सवलतीचा योग्य उपयोग कसा होतो, याचे उदाहरण २०१४ मध्ये मिळाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रशियाने युरोपीय देशांच्या खाद्यमालाला बंदी केली. बांगड्याच्या कुळातला मॅकरेल, तारलीचा भाईबंद हेरिंग, असे मासे समुद्रात होते, जहाजे तयार होती, पण गिऱ्हाईकच नाहीसे झाले. तेव्हा युरोपीय संघाने अशा काही साठ्यांसाठी १० टक्क्यांची मर्यादा त्या वर्षापुरती २५ टक्क्यांवर नेली. येथे कोटा उरला तो मासा नव्हता म्हणून नव्हे, बाजार बंद झाला म्हणून. दक्षिण ध्रुवाजवळची ३,७०० एकके आणि हा मॅकरेल यांची वहीतली नोंद सारखीच दिसली असती. दोहोंचा अर्थ अगदी उलट होता.

अर्थात समुद्रात राखलेला मासाही जसाच्या तसा राहत नाही. उत्तर अटलांटिकच्या कॉडसाठी शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे असे धरून चालत आले की, कोणी जाळे टाकले नाही तरी शंभरांतले सुमारे १८ मासे वर्षभरात आजाराने, वार्धक्याने किंवा दुसऱ्याच्या तोंडी पडून मरतात. जे उरतात ते मात्र वाढतात आणि अंडीही घालतात. शिवाय बरे वर्ष समजून सर्वांनी एकाच वेळी शिल्लक काढली, तर एका हंगामाचा भार दुसऱ्यावर चढतो. म्हणूनच जेथे ही सवलत दिली, तेथे तिला १० किंवा २० टक्क्यांचे कुंपण घातलेले दिसते. ते केवळ कारकुनी खोडसाळपणाने घातलेले नाही.

तेव्हा या इतिहासातून आम्ही जे शिकलो ते असे. उरलेला कोटा पुढे न्यावा की नाही, याला एकच उत्तर नाही. तो का उरला, हे आधी विचारले पाहिजे. वादळाने उरला, भावाने उरला, बाजार बंद झाल्याने उरला, तर कोळ्याचा हक्क बुडवणे अन्यायाचे होईल. पण जाळे रिकामे आले म्हणून उरला असेल, तर तो हक्क नव्हे, ती धोक्याची सूचना आहे. तिला शिल्लक म्हणून जमेच्या बाजूस लिहिणे म्हणजे गावाच्या पोटावर कर्ज काढणे होय. आपल्या किनाऱ्यावर उद्या टनांचे वाटप आले, तर त्या वहीत किती उरले याच्या शेजारी का उरले, याचाही एक रकाना असावा, आणि तो भरताना नाखव्याला व शास्त्रज्ञाला, दोघांनाही विचारावे.

न्यूफाउंडलंडच्या उत्तरेकडच्या कॉडवरची ती बंदी ३२ वर्षांनी, २०२४ च्या जूनमध्ये उठली. त्या वर्षासाठी ठरलेली मर्यादा होती १८,००० टन. १९७३ साली त्याच समुद्रात जे तीन लाखांवर टन ‘न वापरलेले’ म्हणून वहीत उरले होते, त्यांच्याशी हा आकडा एकदा ताडून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.