हिशेबवही आणि शाळेचे दार

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास बहुधा प्रवेशाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी, कोणत्या साली, कोणासाठी शाळा उघडली, याची नोंद त्यात असते. ती शाळा कोणाच्या पैशावर चालली, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले.

इ. स. १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे, हे मुंबई सरकारने मान्य केले; तथापि एका मुलापायी शाळा ओस पडेल, या भीतीने हस्तक्षेप टाळला. पुढे १८५८ मध्ये केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील, असे ठरले. यातील ‘केवळ सरकारी खर्चाने’ ही अट लक्षणीय आहे. ज्या शाळांच्या खर्चात स्थानिक देणगीदारांचा वाटा होता, तेथे त्यांच्या विरोधाला मान मिळाला. अशा शाळांचे साहाय्य थांबवण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला, एवढेच.

१८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवण्यात आला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठरला. या कराचा भार शेतकऱ्यावर होता. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले. सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामातून येते आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि जातिद्वेषामुळे जेथे महार-मांगांच्या मुलांना बसू दिले जात नाही तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा, या त्यांच्या मागण्या होत्या. १८४८ पासून स्वतः शाळा चालवलेल्या माणसाने येथे दयेची याचना केलेली नाही. करदात्याचा हक्क मांडला आहे.

हीच पद्धत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अधिक काटेकोरपणे वापरली. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते, तर अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. निदान जेवढे लोकांकडून घेतले तेवढे तरी त्यांच्या शिक्षणासाठी परत यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पुढल्याच वर्षी सायमन आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी धारवाडचे प्रकरणही नोंदवले.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न मिटला नाही. त्याचे रूप तेवढे पालटले. राजधानी दिल्लीत अनेक खासगी शाळांना सवलतीच्या दराने सार्वजनिक जमीन मिळाली. त्या बदल्यात दुर्बल घटकांतील मुलांना विनामूल्य शिकवण्याची अट होती. ती पाळली जात नसल्याने प्रकरण न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तिच्या अंमलबजावणीचा आदेश द्यावा लागला. येथे कोणत्याही मुलाची जात विचारून त्याला परत पाठवण्याची गरज नव्हती. सार्वजनिक धन कोणाकडे वळते, एवढ्यानेच निवड होत होती.

विषमतेला उघड मनाई लागतेच असे नाही, अंदाजपत्रकातील एक रकानाही तिला पुरतो. फुल्यांचे १८८२ चे निवेदन आजही वाचावे लागते, ते यासाठी.