गळ्यातली ग्रंथी आणि गोणीतले मीठ

विषयाचे नाव वाचून परभणीतील पुष्कळांनी आम्हांला विचारले की, मोंढ्यातल्या हमालीच्या दरावर बोलणारा माणूस वैद्यकाच्या वाटेला कशाला गेला? प्रश्न रास्त आहे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून झाले. तेव्हा आम्ही येथे कोणाला औषध सांगणार नाही. आम्ही एक इतिहास सांगणार आहोत, आणि त्याच्या नादी आम्ही लागलो ते एका चुकीमुळे. ती चूक आमचीच होती.

काही वर्षांपूर्वी धान्य निवडणाऱ्या बायांत एक बाई होती. तिचे नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आतले, हात मोठा चपळ. वर्ष-दीड वर्षात ती मंदावली. अंग भरले, चेहरा सुजल्यासारखा झाला, आवाज घोगरा पडला. चैत्राच्या उन्हातही ती पदर लपेटून बसे. मुकादम म्हणाला, "बाई माजली, कामचोर झाली," आणि त्याने तिचा रोज कमी केला. ती संघटनेकडे दाद मागायला आली तेव्हा आम्ही मुकादमाला जाब विचारायचा सोडून तिलाच म्हणालो, "ताई, जरा अंग झटकून काम करत जा." पुढे काही महिन्यांनी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने तिच्या गळ्यावर हात ठेवून पाहिले आणि रक्त तपासायला पाठवले. थायरॉईड नावाची ग्रंथी काम करीनाशी झाली होती. रोज सकाळी एक बारीकशी गोळी सुरू झाली, आणि चार महिन्यांत बाईचे हात पुन्हा चालू लागले.

ज्याला आम्ही आळस म्हटले तो आळस नव्हता, हे कळल्यावर आम्ही वाचायला बसलो. वाचता वाचता असे दिसून आले की, ही चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो.

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. आपल्या शास्त्रीय परिभाषेत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. ती फुगली म्हणजे गलगंड होतो. गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, म्हणजे रोग आपल्याला जुना परिचयाचा. परंतु ग्रंथी करते काय, हे मात्र जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

या कथेची सुरुवात एका कारखान्यात होते. १८११ साली नेपोलियनच्या लढायांसाठी फ्रान्सला बंदुकीच्या दारूचा सोरा हवा होता. पॅरिसमधला सोऱ्याचा कारखानदार बर्नार्ड कुर्त्वा समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करीत होता. तिच्यात आम्ल अधिक पडले आणि जांभळी वाफ उठली. तेच आयोडीन. नऊ वर्षांनी, १८२० साली, जिनिव्हाच्या क्वांदे या वैद्याने ते गलगंडाच्या रोग्यांना देऊन पाहिले, आणि कित्येकांचे गळे उतरले. शोध लावणारा कुर्त्वा मात्र १८३८ साली दारिद्र्यात मेला.

पुढची गोष्ट स्वित्झर्लंडची. बर्न शहरातले शल्यवैद्य थिओडोर कोखर गलगंड कापून काढण्यात निष्णात होते. १८७४ साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची सगळी ग्रंथी काढली. जखम छान भरली, शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. पण काही वर्षांनी पाहावे तो मुलीची वाढ थांबलेली, बुद्धी मंदावलेली, चेहरा सुजलेला. धाकटी बहीण तिच्या डोक्यावरून गेलेली. कोखरांनी आपले जुने रोगी पुन्हा बोलावून तपासले आणि १८८३ साली स्वतःच्या हातून काय घडले हे भर सभेत जाहीरपणे मांडले. अशा रोगात संपूर्ण ग्रंथी यापुढे काढणार नाही, असे त्यांनी ठरवले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आम्हांला त्या पारितोषिकापेक्षा ते जुने रोगी परत बोलावणे मोठे वाटते. आपली चूक मोजायला स्वतःहून बसणारी माणसे कोणत्याही धंद्यात थोडीच असतात.

आता एक गोष्ट उघड झाली होती. ग्रंथी गेली की माणूस थंड आणि मंद होतो. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका आजारी बाईला टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. १८९५ साली बर्लिनमध्ये माग्नुस-लेव्ही यांनी माणूस स्वस्थ पडून असताना किती प्राणवायू जाळतो ते मोजले. ग्रंथीचा अर्क दिला की ती ज्वलनाची गती वाढत होती. त्याच साली बाऊमान यांना या ग्रंथीतच आयोडीन सापडले. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल यांनी तिचा स्राव शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला आणि त्याचे नाव थायरॉक्सिन पडले. १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी तो प्रयोगशाळेत बनवला. म्हणजे ही ग्रंथी शरीराच्या भट्टीचा भाता आहे. भाता मंद पडला की हातपाय गार पडतात, मलावरोध होतो, नाडी मंदावते, रक्तातले कोलेस्टेरॉल चढते. भाता फार जोराने चालला तर छाती धडधडते, हात थरथरतात आणि माणूस खात असूनही वाळतो.

येथे व्यापाराचा शिरकाव झाला. ज्वलन वाढते म्हणता, तर मग चरबीही जळेल! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ग्रंथीची चूर्णे लठ्ठपणावर विकली जाऊ लागली. याच ओळीतली दुसरी कहाणी कामगारांची आहे आणि ती आम्ही मुद्दाम सांगतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचा पिवळा पदार्थ वापरीत. तो हाताळणारे मजूर झडू लागले, त्यांना घामाच्या धारा लागत, ताप चढे, आणि कित्येक मेले. त्यांचे झडणे हा रोग होता. १९३३ साली अमेरिकेत टेंटर आणि त्यांचे सहकारी यांनी हाच पदार्थ वजन उतरवण्याचे औषध म्हणून पुढे आणला. वर्षभरात लाखभर लोकांनी तो घेतला. काहींना मोतीबिंदू झाला, काही स्वतःच्याच अंगाच्या उष्णतेने दगावले. १९३८ साली तेथील सरकारने तो माणसाने सेवन करण्यास अयोग्य ठरवला. पण मजुराच्या मरणातून जे आधीच कळले होते, ते गिऱ्हाइकाच्या मरणातून पुन्हा शिकावे लागले.

पुढे अमेरिकेत रंगीबेरंगी गोळ्यांची पुडी निघाली. तिच्यात थायरॉईडचा अर्क, उत्तेजक औषध आणि हृदयावरचे औषध एकत्र असे. १९६८ साली तिच्यामुळे झालेल्या मृत्यूंची तेथील सिनेटमध्ये चौकशी झाली. आजही 'वजन उतरवणारी' म्हणून कोणी बिननावाची पुडी दिली, तर या इतिहासाची आठवण ठेवावी.

मग लठ्ठपणा आणि थायरॉईड यांचा संबंध तरी काय? आमच्या बाईचे उदाहरण घ्या. ग्रंथी मंदावली तेव्हा तिचे वजन वाढले हे खरे. पण अशा रोगात वाढणारे वजन साधारणपणे थोड्या किलोंचे, आणि तेही पुष्कळसे अंगात साचलेल्या मिठाचे व पाण्याचे असते. गोळीने ते उतरते, फार नाही. म्हणून प्रत्येक स्थूल माणसाची ग्रंथी बिघडली आहे असे मानणे चूक. उलट अतिस्थूल माणसात रक्तातला टी.एस.एच. नावाचा घटक किंचित चढलेला दिसतो आणि वजन उतरले की पुष्कळदा आपोआप खाली येतो. म्हणजे कधी ग्रंथीमुळे वजन, तर कधी वजनामुळे ग्रंथीचा आकडा. हे ओळखणे डॉक्टरांचे काम आहे. मुकादमाचे नाही आणि आमचेही नाही.

दुसरा धडा आपल्या पुण्याचा आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही २२.३, अगदी सारखा. परंतु अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे मोजली होती. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण आपल्या सडपातळ बाळांतही चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते, कमी होते ते स्नायू आणि मांस. आईच्या पोटातली उपासमार अशी पुढे साखरेच्या रोगाच्या रूपाने वर येते. मोंढ्यातल्या काटकुळ्या हमालाला मधुमेह निघाला की लोक म्हणतात, "याला कसा झाला? हा तर वाळलेला आहे." वजनकाटा पोत्यासाठी ठीक आहे. माणसाची प्रकृती त्याच्यावर पुरती तोलता येत नाही.

आता मिठाकडे वळू. ग्रंथीला आयोडीन लागते, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. जमिनीत ते नसेल तर धान्यात आणि पाण्यातही येत नाही. रेल्वे येण्यापूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणच्या आगरांतले मीठ घाटमाथ्यावर आणीत. समुद्राचे मीठ म्हणून त्यात आयोडीन असणारच, असा समज अजून आहे. पण साध्या समुद्री मिठात ते जवळजवळ नसते. ते मुद्दाम मिसळावे लागते. स्वित्झर्लंडने १९२२ साली आणि अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९२४ साली ही सुरुवात केली.

आपल्याकडे हे काम डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली कांगडा खोऱ्यात हाती घेतले. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचे मीठ दिले, एका भागात साधे. आयोडीनच्या भागांत मुलांचे गलगंड घटले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा रोग केवळ हिमालयाचा, असे तेव्हा मानीत. पुढे वैद्यकीय संशोधन परिषदेने ९ राज्यांतल्या १४ जिल्ह्यांची, हिमालयाबाहेरचीही, पाहणी केली तेव्हा दर पाच जणांत एकाला गलगंड दिसला. १९८३ साली सर्व खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे ठरले. २००० साली केंद्राने साध्या मिठावरची बंदी उठवली, २००५ च्या अधिसूचनेने ती पुन्हा आणली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याच्या कसोटीवर अवैध ठरवला, तरी लोकांच्या आरोग्यासाठी सहा महिने चालू ठेवला, म्हणजे सरकारला दुरुस्ती करता यावी.

या वादात बाजू दोन होत्या. गरिबाचे मीठ महाग होईल आणि लहान मिठागरे मोठ्या कंपन्यांपुढे बुडतील, हे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या संघटनेतही काहींनी तेच म्हटले. पण हिशेब मांडून पाहा. घरात पोचलेल्या मिठात दशलक्ष भागांत १५ भाग आयोडीन असले तर १० ग्रॅम मिठातून दिवसाची गरज भागते. ३० भाग असले तर ५ ग्रॅममध्येच भागते, आणि रक्तदाबवाल्याला मीठ कमी करूनही आयोडीन कमी पडत नाही. हे न मिळाल्याची किंमत गर्भातले मूल आपल्या बुद्धीने भरते, आणि ती पुढे फेडता येत नाही. म्हणून आमचे मत असे झाले की, आयोडीन सर्वांना हवे आणि ते मीठ रेशनवर स्वस्त हवे. एकाच्या नावाखाली दुसरे नाकारणे बरे नव्हे. आणि कच्छच्या छोट्या रणात हे मीठ पिकवणारे अगरिया उन्हात डोळे आणि पाय जाळून घेतात, हेही पिशवी फोडताना विसरू नये.

परभणीकरांसाठी आणखी एक गोष्ट. या ग्रंथीला लोहही लागते. रक्त कमी असले की आयोडीन असूनही तिचे काम अडते. आपल्या कृषी विद्यापीठातून २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचे, लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण बाहेर पडले आहे. आपल्याच काळ्या मातीतली ही भाकर आहे.

आता आमच्या संघटनेने एक पद्धत ठेवली आहे. कोणाचे काम एकाएकी मंदावले तर मजुरी कापण्यापूर्वी त्याला दवाखान्यात न्यावे, आणि रक्ताच्या तपासणीत थायरॉईड व साखर दोन्ही पाहायला सांगावे. गोळी लागली तर ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा नंतर, लोहाची गोळी आणखी उशिरा, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. मुकादम आरंभी कुरकुरला. आता तोच माणसे आणून दाखवतो.

त्या बाईची आम्ही माफी मागितली. ती हातातले सूप न थांबवता म्हणाली, "मुकादमाचं काय मनावर घ्यायचं? पन तुमी बी तेच म्हनले होते, भाऊ." आमच्याजवळ उत्तर नव्हते. हे व्याख्यान तिला ऐकायला बोलावले होते; पण हंगामाचे दिवस आहेत, रोज बुडवून येणे तिला परवडले नाही.