चिनी भांडे आणि चिनी शेजारी

चीनचा इतिहास म्हटला की सम्राट, भिंत आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आज आपण स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरू.

इ. स. ६४१ च्या सुमारास ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात आला. येथे तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. इथल्या माणसांचा करारीपणा त्याने वर्णिला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच ग्रंथात भारतीयांच्या भांड्यांविषयीही तो लिहितो : ती बहुधा मातीची, आणि वाफेवर अन्न शिजविण्याचे पात्र या लोकांना ठाऊक नाही. त्याला ही उणीव जाणवली, कारण त्याच्या देशात ते पात्र हजारो वर्षांचे जुने होते. तळाला भोके पाडलेले हे भांडे, 'त्सेंग', उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बसवीत. दुसरे भांडे 'तिंग'. त्याला बहुधा तीन पाय. आपल्या चुलीचे तीन दगड जणू भांड्यालाच जडलेले. पुढे हेच तिंग काशाचे झाले, यज्ञात आले, राजसत्तेचे चिन्ह बनले. १९३९ साली आन्यांगला सापडलेले तिंग आठशे किलोंहून जड आहे.

आज गव्हाणात गणेशचतुर्थीला मोदकपात्र चुलीवर चढते. ते चीनहून आले, असे एवढ्यावरून म्हणणे धाडसाचे होईल. पण लोणच्याची बरणी ज्या मातीची, तिला 'चिनी' म्हणताना आपण त्या देशाचेच नाव घेतो.

भांड्यांमागून माणसेही आली. मुंबईत माझगावला १९१९ साली 'सी यप कून' हे देऊळ उभे राहिले. सी यप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातले चार जिल्हे. देव कोण, तर क्वान युई : इ. स. २२० मध्ये मारला गेलेला, दिल्या शब्दाला जागणारा सेनापती. परमुलखात चिनी लोक आपापल्या जिल्ह्यांची मंडळे काढीत. नवख्याला आसरा, काम आणि मेल्यावर मूठमाती मिळवून देणे हे त्यांच्या पुढाऱ्यांचे काम. कोकणातल्या चाकरमान्याला हे समजावून सांगायला नको. मुंबईतली गावकीची खोली तेच करीत आली.

आणि १९६२ साली युद्ध झाले. आसाम-बंगालकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांतले पुष्कळ याच भूमीत जन्मलेले. कोणी काही वर्षांनी सुटले, पण परतले तो घर-दुकान गेलेले. मुंबईतली चिनी वस्तीही पुढे रोडावत गेली.

सरहद्दीवर सैन्य उभे करणे हा राष्ट्राचा धर्मच आहे. पण गल्लीतला सुतार किंवा चांभार म्हणजे सरहद्द नव्हे. १९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये गेले, १९४२ साली जखमींची सेवा करता करता तेथेच वारले. परक्या भूमीने त्यांना आपले मानले. आपण बरणी आपली मानली. बरणीवाल्याला मात्र परका ठरविले. हा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.