एका जनुकाची चार नावे : यीस्टमधील रॅड-५३ च्या शोधाचा इतिहास

पेशी विभागण्यापूर्वी तिच्या डीएनएची प्रत पूर्ण व निर्दोष असावी लागते. क्ष-किरणांनी डीएनए तुटलेल्या पेशींचे विभाजन थांबते, हे संशोधकांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्या जखमेमुळे अडकून पडतात, की कोणी त्यांना हेतुपूर्वक थांबवते, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मिळाले. टेड वाइनर्ट आणि लेलंड हार्टवेल यांनी १९८८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेला प्रयोग आजही वर्गात सविस्तर सांगण्याजोगा आहे. रॅड-९ हे जनुक बिघडलेल्या यीस्टवर क्ष-किरण सोडले असता पेशी थांबत नाहीत. तुटक्या डीएनएसह विभागत राहतात व मरतात. संशोधकांनी अशाच पेशींना सूक्ष्मनलिकांची जुळणी रोखणारे रसायन देऊन बळेच थांबवून ठेवले, तेव्हा पुष्कळ अधिक पेशी वाचल्या. दुरुस्तीची साधने त्यांच्यापाशी होतीच. नव्हती ती सवड. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, या दोघांनी अशा यंत्रणेसाठी ‘चेकपॉइंट’ ही संकल्पना मांडली. मराठीत ‘नियंत्रणबिंदू’पेक्षा ‘तपासणी नाका’ हा शब्द अधिक बोलका वाटतो, कारण नाक्यावर वाहन कायमचे अडवले जात नाही.

आता नाक्यावरचा हुकूम पुढे पोहोचवणारा कोण, याचा शोध सुरू झाला. येथे इतिहास थोडा गुंतागुंतीचा होतो. येल विद्यापीठातील डेव्हिड स्टर्न यांच्या प्रयोगशाळेला १९९१ साली एक प्रोटीन कायनेज सापडले. कायनेज म्हणजे एटीपीवरील फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनाला जोडणारे विकर. त्याचे नाव एसपीके-१ ठेवले गेले. मात्र नाक्याशी त्याचा संबंध तेव्हा कळला नव्हता. १९९४ मध्ये वाइनर्ट-हार्टवेल गटाने एमईसी-२ आणि स्टीफन एलेज यांच्या गटाने एसएडी-१ अशी जनुके वर्णिली. ही तिन्ही नावे आणि किरणांना हळवे म्हणून पूर्वीच नोंदलेले रॅड-५३ हे सारे एकच जनुक निघाले! भिन्न वाटांनी निघालेले संशोधक एकाच दारापाशी पोहोचले, ही त्या शोधाच्या खरेपणाची मोठीच साक्ष होय. नावांपैकी टिकले ते रॅड-५३.

१९९६ पर्यंत क्रम उलगडला. डीएनएची हानी जाणणारे एमईसी-१ हे वरचे कायनेज रॅड-५३ ला जागे करते. या कामी रॅड-९ प्रथिन मध्यस्थ असते: त्यावर फॉस्फेट चढले की रॅड-५३ त्याला चिकटते, हे १९९८ मध्ये दिसून आले. जागे झालेले रॅड-५३ पुढे डन-१ सारख्या कायनेजांना हुकूम देते. विभाजन रोखण्याचा सारा भार मात्र त्याच्या एकट्यावर नसतो. सीएचके-१ ही दुसरी शाखाही असते.

एक कोडे होते. रॅड-५३ पूर्णपणे काढून टाकले तर किरणांचा मारा नसतानाही यीस्ट मरते. १९९८ मध्ये रॉडनी रॉथस्टीन यांच्या गटाने दाखवले की, एसएमएल-१ हे दुसरे जनुकही काढून टाकल्यास ते जगते. एसएमएल-१ चे प्रथिन डीएनएच्या घटकांची निर्मिती करणाऱ्या विकराला आवर घालते.

त्याच वर्षी एलेज यांच्या गटाने मानवी पेशीतील सीएचके-२ हे रॅड-५३ चे भावंड वर्णिले. त्याला जागे करणारे एटीएम हे एमईसी-१ च्याच कुळातले. एटीएमचे जनुक १९९५ साली अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया या आजाराच्या कुटुंबांतून हाती आले होते. या रुग्णांना किरणोपचार सोसत नाहीत आणि कर्करोगाचा धोका अधिक असतो. हार्टवेल यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तर एलेज यांना २०१५ मध्ये एव्हलिन विटकिन यांच्यासह लास्कर पुरस्कार. विटकिन यांनी जिवाणूंमध्ये असाच प्रतिसाद यीस्टच्या कितीतरी आधी अभ्यासला होता.